दाराशी आलेली मारबत

॥ श्री ॥
दवनीवाडा, ८ जुलै १९४९

चि. रुख्मिणीस दादाचे आशीर्वाद. सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे, पण यंदा ती मोडतो.

गोंदियाच्या निर्वासित छावणीतून कापडाचं गाठोडं घेऊन फिरणारा सिंधी, हासाराम, याला बायकोसकट मी आपल्या अंगणापलीकडची खोली दिली होती. माणूस भला. पण दिवस मावळला की दाराला पाठ लावून उभा राहतो, कोणाला आतबाहेर करू देत नाही. परवा त्याच्या बायकोने, देवीबाईने, पाण्याला जायला कडी काढली, तर याने मुसळाने तिचा हात मोडला. मीही रागाच्या भरात त्याला चार ठेवून दिल्या. मंगरू मांत्रिकाने मिरच्यांची धुरी दिली, तापल्या विळ्याने पाठीवर डाग दिले. याने मंगरूच्या कानाचा लचका तोडला. आता बैलाच्या दाव्याने खांबाला बांधून ठेवला आहे.

तुझ्या वहिनीचा भाऊ टेकचंद म्हणतो का त्याले हाकलता कायले, नदीत लोटा. गावही त्याच मताचं होत चाललं आहे. आपल्या घरात शहाणी तू एकटी, आणि नेमकी वेड्यांच्या दवाखान्यात नर्स होऊन बसलीस! काय करावं ते लवकर लिही. मी आसरा दिलेला माणूस माझ्या दारात मरू नये एवढंच वाटतं.

तुझा,
केवलराम

नागपूर, १४ जुलै १९४९

ती. दादांच्या चरणी रुख्मिणीचा सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी रडले, मग तुमचा भयंकर राग आला. मारल्याने वेड उतरत असतं तर लहानपणी तुम्ही माझं कितीदा तरी उतरवलं असतं.

आधी दावं सोडा. मंगरूला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. इथेही तिकडून आलेली माणसं आहेत. एक बाई कणीस भाजल्याचा वास आला की किंचाळत सुटते. आमचे डॉक्टर झोपेचं औषध देतात, पण तेच म्हणतात की यांच्यावर काय गुदरलं ते कोणी शेवटपर्यंत ऐकूनच घेतलेलं नाही. तेव्हा तुम्ही ऐका. रोज तुम्ही एकट्यानेच जायचं, लांबून हाक मारायची, हात मोकळे ठेवायचे आणि बाहेर बसायचं. त्याच्या दाराशी घोळका होऊ देऊ नका. आणि तिकडे दारामागे काय घडलं ते देवीबाईला विचारा.

तुमचा राग जरा धानाच्या रोवणीच्या चिखलात गाडून मग जा. वहिनीला नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.

रुख्मिणी

दवनीवाडा, १७ ऑगस्ट १९४९

चि. रुख्मिणीस आशीर्वाद. बाई, तू जिंकलीस. दावं सोडलं.

देवीबाईने सांगितलं. तिकडे गर्दी मशाली घेऊन आली, दार फोडू लागली. हासारामचा धाकटा भाऊ दाराला पाठ लावून उभा राहिला आणि या दोघांना छपरावरून जायला लावलं. हे गेले. छपरावरून यांनी खाली त्याला तोडताना पाहिलं. भावाने दोनदा नाव घेऊन हाक मारली, आणि हा उतरला नाही.

रोवणी आटोपून मी रोज त्याच्या ओट्यावर बसतो. माझी हिंदी ऐकून त्याला हसू येतं, येवो बापडं. एका संध्याकाळी ती हाक त्याने स्वतःच सांगितली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. मलाही आवरेना. आता दिवे लागेपर्यंत दार उघडं असतं.

पोळा तोंडावर आला. दुसऱ्या दिवशी पहाटे पीडेचा पुतळा म्हणून फिरवतो ती मारबत यंदा पहिली त्याच्या दाराशी न्यायची, असं मी गावाकडून कबूल करून घेतलं आहे. सगळ्या गावाची पीडा वेशीबाहेर जाते, मग त्याचीच काऊन राहावी? त्याच्या दाराशी पळसाच्या फांदीचा मेढा मीच रोवणार. टेकचंदही तयार झाला. हासारामला सांगितलेलं नाही. पहाटे उठेल तेव्हा पीडा गेलेली असेल.

तुझा,
दादा

नागपूर, २२ ऑगस्ट १९४९

दादा, पत्र आत्ता हाती आलं. नमस्कार राहू द्या. मारबत त्याच्या दाराशी नेऊ नका. पहाटेच्या मशाली, सगळा गाव, दारावर काठ्या आणि घेऊन जा गे मारबत, घेऊन जा असा गलका! तुमच्या मनात माया आहे, पण त्याला ते काय ऐकू येईल? तुमच्या पाया पडते, दुसऱ्या गल्लीने न्या.

रुख्मिणी

दवनीवाडा, ५ सप्टेंबर १९४९

रुख्मिणीबाईंस वहिनी सावित्रीचा सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र मारबतीच्या दुसऱ्या दिवशी आलं. यांना आता लिहिता येत नाही, म्हणून माझं वेडंवाकडं अक्षर गोड मानून घ्या.

हे सगळ्यांच्या पुढे होते. दारावर काठ्या आपटल्या तोच दार उघडलं, आणि हासाराम कुऱ्हाड घेऊन बाहेर आला. यांनी हात आडवा धरला. घाव कोपराखाली बसला, हाड दिसलं. मग सण कोणाच्या ध्यानात राहतो? टेकचंद ओरडला का मारा याले, आणि सगळे धावले. हे तसेच रक्ताने माखलेले आत घुसले, हासारामला आत ओढलं, कडी लावली आणि पाठ दाराला लावली. ओरडून सांगत होते का चूक माझी आहे, मागे व्हा. आपल्याच माणसांनी पहारीने दार फोडलं.

मागच्या खिडकीतून हासाराम जाऊ शकत होता. यांनी त्याला ढकललंसुद्धा. पण तो गेला नाही. यांच्या अंगावर आडवा पडला, काठ्या सगळ्या त्याने खाल्ल्या. पहिली काठी माझ्या सख्ख्या भावाची होती. मी आणि देवीबाई मध्ये पडलो तेव्हा कुठे लोक थांबले.

हासारामच्या बरगड्या मोडल्या, एक डोळा गेला, पण जगला. फौजदाराला यांनी सांगितलं का कुऱ्हाड चुकून लागली. गोंदियाच्या दवाखान्यात तो दार सताड उघडं असताना रात्रभर झोपतो. देवीबाई त्याच्याकडे बघत बसते आणि रडते. यांचा उजवा हात मात्र कापावा लागला.

काल यांना घरी आणलं. संध्याकाळी टेकचंद माफी मागायला आला, बाहेरून हाक मारली. हे धडपडत दाराशी गेले. उरल्या हाताने कडी लावून दाराला टेकले, आणि मला म्हणाले का उघडू नको, ते आले. टेकचंद ओट्यावर बसून रडत होता. मी दोघांच्या मध्ये उभी.

तुम्ही लिहिलं होतं का ऐकून घ्यावं. मी ऐकते. पण मारणारे शेजारी आहेत, सोयरे आहेत, उद्या धान कापायला तेच येणार. हासारामला निदान परक्या मुलखात येता आलं. यांनी कुठे जावं?

तुम्ही या. वाट पाहते.

सावित्री