श्यामलाआजींची शकू

४ जून

आजपासून मी बिबवेवाडीत. श्यामलाआजींकडे राहायचं, त्यांना सोबत करायची, एवढंच काम. मला वेगळी खोली आहे, पंखासुद्धा एकटीचा. ऋतिकाला फोटो पाठवले तर म्हणाली, बाई फ्लॅटवाली झाली, आता खडकीला कशाला येशील. मी नववीत शाळा सोडली, पण तिने मला नाही सोडलं.

आजींचे पुतणे आमोदकाका म्हणाले, काकू दिवसभर बोलते आणि तू तोंड उघडत नाहीस, जोडी छान जमली.

आईने बजावलं होतं, जुन्या वळणाची माणसं आहेत, आपला कप कुठला ते आधी विचार. मला विचारायलाच लाज वाटली. तर आजींनी त्यांच्याच कपातला अर्धा चहा बशीत ओतून मला दिला. म्हणाल्या, शकू आणि मी असाच प्यायचो. इतकं बरं वाटलं.

७ जून

शकू आजींची मैत्रीण. आपल्यातलीच, खडकीची, वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात. आजींच्या घरी तिचा कप बाहेर खिडकीत ठेवायचे. लहानपणी एकदा आजी मुद्दाम त्याच कपातून प्यायल्या आणि मार खाल्ला. तेव्हापासून दोघींत एकच कप. लग्नं झाली, नवरे गेले, मग दोघी इथे एकत्र राहिल्या. शकू गेल्या दिवाळीत वारली. ऐकून मी रडले. आजी नाही रडल्या.

११ जून

आजींनी आतून हाक मारली, शकू. मोठ्या माणसाला, तुम्ही चुकलात, असं कसं म्हणायचं? मी ओ दिली. आजींचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. आता त्या मला शकूच म्हणतात. माझं काय जातंय.

१५ जून

आमोदकाका आले होते. शकूचा विषय निघाला तर हसले. म्हणाले, शकू कॉलेजात असतानाच काविळीने गेली. तेव्हापासून काकूच्या सोबतीला येते ती प्रत्येक पोरगी शकूच. दिवाळीत गेली ती मुक्ताई. आली तेव्हा तुझ्याएवढीच होती, त्याला चार-पाच वर्षं झाली. कशाने गेली, मी विचारलं. तर म्हणाले, मी काय डॉक्टर आहे?

मग मी अल्बम काढला. मुक्ताईचा आली तेव्हाचा फोटो आहे, दोन वेण्या, हनुवटीवर तीळ. शेजारी दिवाळीचा फोटो. तोच तीळ. केस पांढरे, गाल बसलेले. आजींच्याच वयाची दिसते.

त्याच्या आधीच्या सगळ्या फोटोंतही शकू आजींच्याच वयाची आहे. चेहरा तेवढा दर वेळी वेगळा.

१८ जून

जिन्यात गुडघे धरले. कंगव्यात पांढरे केस आले, माझे.

सकाळी चहा नको म्हटलं. आजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, आता तूसुद्धा माझ्या कपाला शिवणार नाहीस का.

प्यायले.

२० जून

आईचा फोन. मी हॅलो म्हटलं तर ती म्हणाली, नमस्कार आजी, दीक्षाला द्या ना. मी आई म्हटलं. तिला वाटलं, आजी चुकून तिलाच स्वतःची आई समजतायत. आजींनी फोन घेतला, दीक्षा भाजी आणायला गेलीये म्हणाल्या.

उद्या घरी जायचं. जायचंच.

२१ जून

बॅग घेऊन दाराशी गेले आणि— कुठे जायचं होतं? क्वार्टर आठवलं, बाबा कारखान्यातून सायकलवर येतात— नाही. माझे बाबा रिक्षा चालवतात. रिक्षा. मी दीक्षा, माझे बाबा रिक्षा—

बहुतेक २३

श्यामीने पाय चेपून दिले. माझ्यासाठी मार खाल्लाय तिने. तिला एकटी टाकून कसं—

आज

दुपारी एक मुलगी आली. रडत होती. दीक्षा कुठेय, फोन का उचलत नाही. म्हटलं बाळ, दीक्षा इथे कुणी नाही. माझा हात धरून म्हणाली, आजी, नीट आठवा ना, ती माझ्याशिवाय कुणाशी बोलत नाही हो.

आतून श्यामी म्हणाली, गोड आहे पोरगी, आत घे, चहा पिऊन जाऊ दे.

मी तिला ढकललं. जोरात. दार लावलं, कडी घातली. का, ते कळेना. फक्त ती आत यायला नको—

जिना उतरली. गेली.

श्यामी कडी काढतेय. म्हणते, बोलावते तिला. तू आता थकलीस शकू.

आठवलं. ती ऋति—