नऊ तारखेची खोली

१० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या वसतिगृहातल्या मुलींचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. देवाची कृपा. इकडे मी दिवसभर दुकानात भिंगं घासतो आणि संध्याकाळी आईची बोलणी खातो. अख्ख्या बाजाराला चष्मे करून देणाऱ्याच्या आईला समोरचा पेला दिसू नये, यावर ती स्वतःच हसते.

आता मुद्द्याचं. आईनं हट्ट धरला आहे. बाबा ज्या तळ्यात गेले तिथे एकदा जायचं, आणि तेही त्यांच्याच दिवशी, नऊ मार्चला. एकतीस वर्षांत तिनं त्या तळ्याचा विषय काढला नव्हता. मी म्हटलं, तुला तिथे दिसणार काय. म्हणाली, बघायला जातंय कोण.

काठावर एक जुना लॉज आहे. तिथल्या बाईंना पत्र टाकलं: आपण तिघं, खोली तळमजल्याची, कारण आईला जिना चढवत नाही. घाईत खाली नुसतं आडनाव लिहिलं. खरं तर आधी तुला विचारायला हवं होतं. तू दाराच्या कडीवरून मालकाचा स्वभाव सांगतेस.

मधल्याचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही. होडी त्याच्या हातात होती आणि आठव्या दिवशी तो घर सोडून गेला, हे सगळ्यांना पाठ आहे. मी रोज सकाळी देवापुढे घरच्यांची नावं घेतो. पन्नाशीला आलो, तरी त्याच्या नावाशी अजून अडखळतो. हयात माणसांत घ्यावं की गेलेल्यांत, कळत नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


२२ जानेवारी

नऊ मार्चच्या पाहुण्यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र आलं. सही बघायच्या आधीच अक्षर ओळखलं. आधी अख्खी ओळ लिहून मग एका दमात वरची रेघ ओढणारं दुसरं कुणी माझ्याकडे उतरत नाही. पण मजकूर वाचून चकित झाले. एकोणीस वर्षं आपण एकटे येता, वरची कोपऱ्यातली खोली घेता, ताट दाराबाहेर ठेवायला सांगता. यंदा तिघं, आणि तळमजल्यावर? गुडघ्यांनी दगा दिला, की उशिरा का होईना संसार मांडलात? तसं असेल तर आनंदच आहे. इतक्या वर्षांत आपण माझ्याशी मोजून वीस वाक्यं बोलला असाल, तेव्हा उत्तराची आशा धरत नाही.

मागच्या खेपेला आपला मफलर राहिला. धुऊन ठेवला आहे.

येणं चुकवू नये, ही विनंती.

लॉजच्या बाई


२६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत लॉजच्या बाईंचं पत्र आहे. आधी ते वाच, मग खाली बसून हे वाच.

ताई, मी त्या लॉजची पायरी कधी चढलेलो नाही.

शाळेत चारही इयत्ता एकाच खोलीत होत्या, आठवतं ना. मास्तर म्हणायचे, आधी भिंती उभ्या करा, मग सगळ्यांवर एकच छप्पर. रेघ मध्ये तुटली की बोटांवर पट्टी. माझ्या शेजारी बसून कोण मार खायचा, ते मी तुला सांगायला नको.

पत्र आल्यापासून भिंग घासताना हात थांबतो. काल गिऱ्हाईक नवा चष्मा लावून आरशात बघत होतं. त्याच्या मागे माझा चेहरा होता, आणि क्षणभर तो मला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

बाईंना आपण कोण ते कळवलं आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. काय करू, सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
धाकटा


३१ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आईला सांगू नकोस. ती खोलीही सोडून दे. बसथांब्यासमोर नवं हॉटेल झालं आहे, मी चौकशी केली. लिफ्ट आहे, पलंग बुटके आहेत, न्हाणीघरात धरायला दांडी आहे. तळं तिथून अर्धा मैल. आणि तारीख अकरा घे.

जो एकोणीस वर्षं तळ्यापर्यंत येतो आणि घरापर्यंत येत नाही, त्यानं आपलं काय ते ठरवलेलं आहे. झाकली मूठ झाकलेली राहू दे. मी येईन असं धरून चालू नकोस. इथे वार्षिक तपासणी आहे.

लहानपणी वीज कडाडली की माझ्या पांघरुणात शिरायचास. तेव्हा ऐकायचास तसं आता ऐक. दर वेळी देवावर टाकून मोकळा होतोस, एकदा बहिणीवर टाकून बघ.

रागावलास तरी माया तेवढीच राहील.

ताई


८ फेब्रुवारी

धाकट्या भाऊंस,
स. न. वि. वि.

चूक माझी आहे. एका पाहुण्याची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हे आयुष्यभर पाळलं आणि एका रेघेनं फसले. आता निम्मं बोलून निम्मं गिळण्यात अर्थ नाही. त्यांचं पत्र परवा आलं. मागणी नेहमीचीच. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली तर मला आजही वेगळी सांगता येणार नाहीत.

तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. एक मागे, बागेकडे. तिथे राहिलात तर कुणाची कुणाशी गाठ पडणार नाही. दुसरी त्यांच्या बरोबर खाली. मधली जमीन लाकडी आहे, वरचं पाऊल न् पाऊल ऐकू येतं. ते दिवसभर खिडकीपासून दारापर्यंत चालतात. दाराशी थांबतात. उघडत नाहीत.

कुठली द्यायची ते आठवड्यात कळवावं. त्यांना मी अजून काही बोललेले नाही.

झालं गेलं पोटात घालावं.

लॉजच्या बाई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. आईला सांगितलं. रोज तिच्या हाताला धरून चालवायचं आणि तोंडानं लपवायचं, हे मला झेपेना.

तिनं आधी चादरीचं टोक चाचपून हातात धरलं. मग जे बोलली ते मला माहीतच नव्हतं. बाबांना पाण्याबाहेर काढलं त्या दिवशी ती म्हणाली होती म्हणे, की दोघांतला हा कशाला परत आला. तुझ्याजवळ म्हणाली होती. तो तेव्हा घरात नव्हता, आणि तरी तो गेला तो त्या वाक्यानंच, असं तिला वाटतं. त्याला ते कसं कळलं असेल, याचा ती एकतीस वर्षं विचार करते आहे. तुला काही ठाऊक आहे का?

मग म्हणाली, त्याच्या खालची खोली घे. पण खाली कोण असणार ते त्याला आधी कळव. आपण जिना चढायचा नाही, हाक मारायची नाही. नसेल यायचं तर न येऊ दे.

मी आपला पायऱ्या, पलंग, न्हाणीघर बघत बसलो होतो. आईनं मात्र वरच्याला निघून जाता यावं, एवढंच बघितलं. बाईंना तसं लिहिलं आहे. आज सकाळी देवापुढे त्याचं नाव घेताना अडखळलो नाही.

तू ये. तपासणी दर वर्षी असते.

धाकटा


१५ फेब्रुवारी

चि. मधल्यास,
अ. उ. आ.

हे पत्र लॉजच्या बाई तुला पोचवतील. आशीर्वाद लिहिताना हात अडला, पण दुसरं काय लिहितात ते मला येत नाही.

आईनं ते वाक्य तुला म्हटलं नव्हतं. मला म्हटलं होतं, तिचं तिला भान नव्हतं तेव्हा. मी ते आठ दिवस सांभाळलं आणि नवव्या दिवसाची वाट न बघता परसात तुला गाठून सांगितलं, शब्द न् शब्द. बाबा मलाही हवे होते, आणि कुणाला तरी ओरबाडायचं होतं. संध्याकाळी तू नव्हतास. हे मी आईला सांगितलं नाही, धाकट्याला नाही. शंभर मुलींना रोज सांगते, इकडचं तिकडे करू नका.

माझ्यामुळे येणं टाळू नकोस. मी नऊ तारखेला येणार नाही. आईचे दिवस थोडे आहेत.

क्षमा माग असं मुलींना सांगणं सोपं असतं. मागते.

ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाईंनी निरोप कळवला आणि तुझं पत्रही पाठवलं.

आई बोलली तेव्हा मी घरातच होतो. ओले कपडे बदलायला आलो होतो, दाराआड उभा होतो. पुढचे आठ दिवस ती आणखी काही बोलेल म्हणून थांबलो. तू परसात आलीस तेव्हा पिशवी भरून तयार होती. तू मला नवीन काही सांगितलं नाहीस. हे तेव्हाच बोललो असतो तर तुझी एवढी वर्षं वाचली असती. क्षमा मागायची तर मी मागायला हवी.

आता खोलीचं. आईला खालची नको. तिच्या खिडकीसमोर होड्या दुरुस्त करायची शेड आहे, दिवसभर हातोडे चालतात. वरच्या खोलीची खिडकी दुसऱ्या बाजूला, पाण्यावर उघडते; तिच्याखालीच ती जागा आहे, जिथे बाबांचा हात माझ्या हातातून सुटला. ती जागा मी एकट्यानं धरून बसलो होतो. यंदा आईनं तिथे बसावं. मी खाली राहीन. बाईंना तसं कळवलं आहे, आणि तुझ्यासाठी आईशेजारी एक पलंग. तू यायचं आहेस.

जिना अरुंद आहे, अठरा पायऱ्या. आईला खुर्चीत बसवून चढवावं लागेल. धाकट्याला सांग, वरची बाजू त्यानं धरावी. खालच्या बाजूला सगळा भार येतो, ती मी धरीन.

मधला