यांची सोनोग्राफी

४ नोव्हें.
यांची सौंसरला सोनोग्राफी. यकृतातली कॅन्सरची गाठ वाढलीय. नागपूरचे डॉ. आधीच म्हणाले होते, अ‍ॅडमिट व्हा, गाठीला रक्त पुरवणारी नस बंद करू. हे ढिम्म.
परतताना बसमध्ये मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली. अल्ट्रासाउंडच्या, म्हणजे सोनोग्राफीसारख्याच लहरींनी कॅन्सरच्या पेशी मरतात. अजून प्रयोगशाळेतच, उंदरांवर, हेही वाचलं. यांनी पहिलं धरलं, दुसरं सोडलं.

७ नोव्हें.
आज दोन पोळ्या खाल्ल्या! किती दिवसांनी. म्हणतात, "सोनोग्राफी मानवली मले. पेशी मरून राहिल्या आतमंदी." हसू आलं, मग रडू. सांगणारच होते, बातमीतलं मशीन वेगळं. रिकामं ताट पाहिलं आणि जीभ रेटेना.

१५ नोव्हें.
हट्टाने पुन्हा सौंसर. तिथल्या डॉक्टरीणबाईंना म्हणतात, "मॅडम, त्या जागेवर जरा जास्त येळ धरा ना." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.
नागपूरहून फोन. २४ ला बेड आहे, आणखी उशीर केला तर तेही जमणार नाही. हे म्हणे, "इथं गुण येऊन राहिला, अन् नागपूरले कायले?"
खरं सांगितलं तर जेवण सोडतील. नाही सांगितलं तर माणूसच जाईल. देवा, कुणाला विचारू?

२२ नोव्हें.
सावरगावहून वामनभाऊ आले, यांचे संत्र्याच्या धंद्यातले भागीदार. त्यांच्या बायकोलाही तोच आजार. यांनी फोनवर गुण आल्याचं सांगितलेलं. "वहिनी, सौंसरचा पत्ता द्या. आम्ही नागपूरची तारीख रद्द करून राहिलो." हे हौसेने पत्ता सांगायला लागले.
बोललेच शेवटी. "वामनभाऊ, ते मशीन नुसतं पाहते. मारत काहीच नाही. नागपूर सोडू नका."
ते चहा तसाच ठेवून निघाले. मग हे म्हणाले, "त्यायच्यासाठी तोंड उघडलं तू. माह्यासाठी नाही उघडलं."

२३ नोव्हें.
कालपासून अन्नाला शिवले नाहीत. बॅग भरली. उद्या सकाळची गाडी, तिकिटं दोघांची काढलीत. "येणार ना?" विचारलं. भिंतीकडे तोंड करून पडलेत. मला शिव्या द्या, जन्मभर बोलू नका, पण गाडीत बसा हो. एवढंही तोंडातून निघेना, म्हणून इथे लिहितेय.