उदाहरणापुरतं नाव

१८ नोव्हेंबर, हसनाबाद

पोचले एकदाची! भोकरदनपासून बसमध्ये उभीच होते, पायाशी कुणाचं तरी कोंबड्यांचं डालगं, पण खोली पाहिली आणि शीण गेला. नंदाबाईंच्या घराची ही रस्त्याकडची खोली. खिडकीतून पलीकडचं कापसाचं रान दिसतं. नंदाबाईंची मुलगी शालू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. मी बॅग टेकवते न टेकवते तोच तिनं विचारलं, की ताई, शब्द गोळा करणं म्हणजे करता तरी काय? मी बोलीकोशाचं काम समजावलं. जुना शब्द शोधायचा, अर्थ विचारायचा, मग तो शब्द घालून एक वाक्य बोलून घ्यायचं आणि मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. त्यावर म्हणते कशी, शब्द काय कापूस हाय का वेचायला! मला ही मुलगी फार आवडली.

माझ्या वाट्याला विषय आलाय भविष्य सांगण्याच्या शब्दांचा. बाबांना फोनवर सांगितलं तर हसत सुटले. आमच्या बौद्ध घरात कधी पंचांग आलं नाही, आणि राजानंद मास्तरांच्या लेकीनं ज्योतिष गोळा करायचं! म्हणाले, जमव जमव, माणसाला किती तऱ्हांनी फसवता येतं ते तरी कळेल.

२१ नोव्हेंबर

आज घबाड मिळालं. झुंबरबाई. सत्तरी कधीच उलटलेली, दात मोजके, बोलणं अखंड. त्यांच्या सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जत्रेत भाकणूक सांगायचे. नवरा गेला तेव्हापासून ते बंद आहे. मी चहापत्ती आणि तंबाखूची पुडी नेली होती, त्यामुळे आमचं लगेच जमलं. आपण सगळ्याला 'भविष्य' म्हणून मोकळे होतो, यांच्याकडे प्रत्येक प्रकार वेगळा. शकुन म्हणजे चिन्ह बघून सांगायचं: कावळा, टिटवी, डोळ्याचं लवणं. होरा म्हणजे वेळ-वार धरून, हिशेब मांडून. आणि भाकणूक? तिला चिन्ह नाही, हिशेब नाही. ती नुसती तोंडात येते.

वाक्यं मात्र देईनात. माझी एक नेहमीची युक्ती आहे. वाक्यात गावातल्या खऱ्या माणसाचं नाव घालायला सांगते, म्हणजे समोरचा पुस्तकी न बोलता मोकळं बोलतो. झुंबरबाई नुसती मान हलवत बसल्या. नाव घेऊन सांगितलं की ते त्या माणसाला लागून जातं, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, उदाहरणापुरतं! तर हसून विचारलं, "मंग तुमचंच घेऊ का?"

मीही हसले. आणि सुचली ती नावं दिली. शकुनाला नंदाबाईंचं, होऱ्याला गिरणीवाल्या भिवाचं, भाकणुकीला शालूचं. तिन्ही वाक्यं त्यांच्याच शब्दांत:

"कावळा वरडून राह्यला, नंदाबाईकडं भाऊ येणार."

"होरा सांगतोय, भिवाचा हात जाणार."

"भाकणूक झाली, शालूचं वरीस भरायचं न्हाई."

काय ठसका आहे बोलण्याला! शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज जरा बदलला, तेही रेकॉर्डिंगमध्ये छान आलंय.

२९ नोव्हेंबर

नंदाबाईंचा भाऊ आला! बांधाच्या भांडणावरून शालूच्या जन्माआधीपासून तोंड पाहिलं नव्हतं म्हणे एकमेकांचं. आज सकाळी जालन्याहून थेट दारात उभा, हातात साडी, डोळ्यांत पाणी. घरभर पुरणाचा वास. मी शालूला झुंबरबाईंच्या शकुनाची गंमत सांगितली. बाकीची दोन वाक्यं सांगितली नाहीत. पोटुशी बाईला असलं कशाला ऐकवा.

१२ डिसेंबर

भिवाचा उजवा हात गिरणीच्या पट्ट्यात गेला. संभाजीनगरला नेलाय. हात वाचणार नाही म्हणतात.

योगायोग आहे. पट्ट्याला जाळी नव्हती, सगळं गाव सांगतंय, कधी तरी हे होणारच होतं. मला कळतं सगळं. तरी घास उतरला नाही. परवाच त्यानं माझं दळण आधी काढून दिलं होतं, पाव्हण्या माणसाला रांगेत कशाला उभं ठेवायचं म्हणून.

१३ डिसेंबर

रेकॉर्डिंग पुसून टाकलं. पुसून काय होणार?

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी हे असलं मानत नाही ना? मग त्या दिवशी 'हो, माझंच घ्या' का नाही म्हणाले? मानतच नव्हते तर माझं नाव द्यायला काय हरकत होती? म्हणजे आत कुठे तरी मला भीती होती. आणि भीती असूनही मी शालूचं नाव दिलं. हसत हसत दिलं.

बाबांना हे सांगायची हिंमत नाही.

३० डिसेंबर

शालूचे पाय सुजलेत. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं, जपायला सांगितलं. ती मात्र माझीच चौकशी करते. ताई, जेवत का न्हाईत? माझ्याकडं अशा काय पाहून राह्यल्या? आज तिनं माझ्यासाठी मुद्दाम ठेचा कुटला, सुजल्या पायांनी उभी राहून. मी खाल्ला. चव कळली नाही.

९ जानेवारी

झुंबरबाईंच्या पाया पडले. मी! म्हटलं, ते वाक्य परत घ्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना माझी कीव आली. म्हणाल्या, भाकणूक वापस येत नसती. ज्यानं नाव दिलं त्याला फक्त एकदा ते बदलता येतं. दुसरं द्या, शालू बराबर सुटंल. कोणाचं देता?

ठरवून गेले होते. माझंच नाव द्यायचं, सत्यशीला म्हणायचं. बस. ओठ हलले आणि — आलंच नाही. मग एकदम सुचलं. कोणाचंच नसलेलं नाव द्यायचं! म्हटलं, अर्पिता. या गावात कोणी अर्पिता नाही, आमच्या नात्यात नाही, ओळखीत नाही. झुंबरबाईंनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग नुसतं 'बरं' म्हणाल्या.

किती सोपं होतं. येताना शालूसाठी पेरू घेतले.

२२ जानेवारी

शालू सुटली! मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी दवाखान्यातच रडले. नंदाबाई सगळ्यांना सांगत होत्या, परक्याच्या लेकीनं किती जीव लावला.

मला मान वर करवेना.

१ फेब्रुवारी

उद्या बारसं. सहज विचारलं, नाव काय ठरलं. शालू लाजली. म्हणाली, गावात कोणाचंच न्हाई असं नाव पायजे होतं. आणि ते तुमच्याकडूनच मिळालं.

मी झोपेत बोलते म्हणे. भिंतीपलीकडं ऐकू जातं. अर्पिता, अर्पिता.

तिला वाटलं, ताईच्या मनातलं नाव, आपल्या लेकराला लागू द्या.

वरीस भरायचं न्हाई. बाळाचं पहिलं वर्ष —

दुसरं ठेव म्हटलं. हसली. पाळण्यावर सोनेरी अक्षरं चिकटवून झाली आहेत. बाळाची आत्या मोनाली परतूरहून नावाचं लॉकेट घेऊन आली आहे. कारण सांगितलं तर ऐकतील. पण कारण सांगायचं म्हणजे शालूला पहिल्यापासून सांगावं लागेल, की आधी तुझं —

अजून नाव ठेवलेलं नाही. वेळ आहे. सकाळी सांगेन.

२ फेब्रुवारी

सकाळी पाहुणे आले. नाही जमलं.

दुपार. बायका जमल्यात. डोकं दुखतंय म्हणून खोलीत बसलेय. झुंबरबाई दारात आल्या, बघितलं, गेल्या.

पाळणा म्हणताहेत. किती गोड म्हणताहेत.

शालू विचारतेय, ताई कुठंय. तिला बोलवा, तिनंच तर —

कानात अजून सांगितलेलं नाही. दार उघडायचं, थांबा म्हणायचं. मग मला मारोत, हाकलून देवोत. एवढंच करायचंय.

गाणं थांबलं. मोनाली वाकली असेल.

उठायचं सोडून मी हे काय लिहीत बसलेय? उठते. एवढं वाक्य पुरं झालं की उठतेच, आणि दार उघडून —

कुर्रर्र झालं. सगळ्या हसताहेत. मी अजून खाटेवरच —