दादाच्या मित्राचा कॉम्प्युटर

३ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तू टेकडीवरच्या वेधशाळेत ढगांचा हिशेब ठेवतेस आणि आम्ही खाली छत्री घ्यावी की नको यावर वाद घालतो. फोनवर तुझा आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो, शिवाय भिंतीलाही कान असतात, म्हणून हे पत्र शाळेतूनच लिहितोय. मुलं गणितं सोडवताहेत.

माझ्या एका मित्राची अडचण आहे. त्याची बायको पायात दोष असलेल्यांसाठी मापाचे बूट बनवते. हो, तुझ्या वहिनीसारखीच. योगायोग असतात. तर तिच्या कॉम्प्युटरवर बुटांचे नमुने आखायचा एक जुना प्रोग्रॅम आहे. तो बनवणारी कंपनीच बंद पडली, त्यामुळे एकदा गेला की पुन्हा टाकता येणार नाही. नुसत्या फायली उतरवून भागत नाही. अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे सिस्टिम इमेज, घ्यायला हवी. मित्राने त्यासाठी बाहेरून जोडायची नवी डिस्क आणली, तर कॉम्प्युटर म्हणतो, ही डिस्क बॅकअपला चालणार नाही. डिस्क कोरी आहे, जागा भरपूर आहे, मग याचं घोडं अडलंय कुठे?

घाई एवढ्यासाठी की आतली जुनी डिस्क टिकटिक करू लागली आहे. बायकोच्या हातात मोठं काम आहे, तिला उगाच घोर नको, म्हणून मित्राने तिला काही सांगितलेलं नाही. तूही घरच्या पत्त्यावर लिहिताना पाकिटावर माझंच नाव घाल.

तब्येत सांभाळ. थंडीत कानटोपी घालतेस ना?

तुझा,
दादा


५ मार्च

प्रिय खारू,

खूप दिवसांत तुझं पत्र नाही. ढगांवर जीव जडला की माणसं विसरतात म्हणे.

मी एका पेचात सापडलेय आणि ही गोष्ट तुझ्या दादाला कळता कामा नये. माझ्या कॉम्प्युटरमधून टिकटिक ऐकू येते. तुझ्या दादालाही येते, कारण मी खोलीत शिरले की तो मोठ्याने गुणगुणायला लागतो. सूर तुला ठाऊक आहे. मी ऐकू न आल्यासारखी कातडं कापत बसते. या घरातला रेडिओ, मिक्सर, नळ सगळं त्याने दुरुस्त केलंय. हे एकच त्याला जमत नाहीये आणि तो आतल्या आत झुरतोय. अशा वेळी मी तोंड उघडलं तर त्याला फार लागेल.

पण हातावर हात ठेवून बसणंही परवडणारं नाही. एक नृत्यशिक्षिका माझ्याकडे येते. अपघातानंतर तिचा एक पाय आखूड झाला. या महिनाअखेर ती पुन्हा रंगमंचावर उभी राहणार आहे, तीही माझ्या बुटांवर. तिचा नमुना अर्धाच झालाय. म्हणून दादा शाळेत गेल्यावर मी शेजारच्या फोटोग्राफरची डिस्क मागून आणली आणि इमेज घेऊन पाहिली. बरीच पुढे जाते आणि डिस्क वाचता येत नाही असं सांगून थांबते. पुन्हा केलं, तरी तेच.

तू पूर्वी कॉम्प्युटरच्या कामात होतीस, काहीतरी सुचव. उत्तर माझ्या नावाने पाठव. दादाला दुपारच्या टपालाची वेळ माहीत नाही.

तुझीच,
वहिनी


१० मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या मित्राला सांग, डिस्क जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. सिस्टिम इमेज तिच्यावर बसत नाही. ती 'एनटीएफएस' पद्धतीने पुन्हा फॉरमॅट करावी. तसं केल्यावर तिच्यावरचं सगळं पुसलं जातं, पण कोरीच आहे म्हणतोस तर काळजी नाही.

बायकोला घोर नको म्हणून एकट्यानेच काळजी वाहणारा मित्र मला आवडला. पण त्याचं अर्धंच काम होणार आहे. उरलेलं अर्धं दुसऱ्या कुणाकडे तरी आहे.

कानटोपी घालते. लोभ आहेच.

खारू


१० मार्च

प्रिय वहिनी,

सर्वांत आधी सगळ्यांचे नमुने पेन ड्राइव्हवर उतरवून घे. ते झालं की डिस्कची तपासणी लाव. तिच्यावरच्या काही जागा खराब झाल्यात, तिथे पोचली की इमेज अडते. तपासणी त्या जागा बाजूला काढेल. तिला वेळ लागतो, मधेच बंद करू नकोस. मग इमेज घे. आणि रेस्क्यू सीडी करून ठेव. डिस्क बंद पडल्यावर कॉम्प्युटर सुरू कशावर करणार?

दादाचं मन दुखू नये म्हणून तू बहिरी झालीस, हे वाचून मला हसूही आलं आणि भरूनही आलं. पण आता पुरे.

तुझी,
खारू


२७ मार्च

प्रिय खारू,

तुझी पाकिटं बदलली. पावसाचा थेंबन् थेंब मोजून टिपणारी बाई दोन पत्रं चुकीच्या पाकिटांत घालते, यावर आम्हा दोघांचाही विश्वास नाही.

दादाने माझं पत्र वाचलं, मी त्याचं. मग त्याने खाली बघत विचारलं की मला कधीपासून ऐकू येतंय. मी म्हटलं, तुझ्या पहिल्या गाण्यापासून. तो म्हणाला, त्याचा घसा बसलाय. त्यावर आम्ही दोघं इतके हसलो की फोटोग्राफर काय झालं ते बघायला आला. त्याची डिस्क तेव्हाच परत केली.

रविवारी दोघं एकाच स्टुलावर अर्धे अर्धे बसलो. मी नमुने उतरवले, दादाने त्याची डिस्क फॉरमॅट केली, तपासणी दुपारभर चालली. मग इमेज लावली. नेहमीच्या जागी आली तेव्हा त्याने माझा हात धरला. ती जागा ओलांडून ती पुढे गेली आणि संध्याकाळी पूर्ण झाली. सीडीही केली.

मंगळवारी सकाळी कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला तो झालाच. जुनी डिस्क गेली. दादा लगबगीने नवी घेऊन आला. दुकानदार म्हणाला होता, ही फार वेगवान. सीडी घातली, कॉम्प्युटर सुरू झाला, पण इमेज उतरेना. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान होती. मी म्हटलं, बूट कितीही सुंदर असला तरी पायापेक्षा लहान चालत नाही, मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तो तसाच परत गेला आणि मोठी घेऊन आला.

आणि खारू, सगळं आलं. प्रोग्रॅम उघडला, त्यात माझ्या सगळ्या माणसांचे पाय जिथल्या तिथे. सोमवारी आखलेली टाच तेवढी गेली. ती पुन्हा आखली आणि खरं सांगू, आधीपेक्षा बरी जमली.

काल शिक्षिका बूट घालून बघायला आली. आधी भिंतीला धरून चालली. मग भिंत सोडली. मग तिने दादाला सांगितलं की स्टूल आणि कातड्याच्या गुंडाळ्या कडेला सरकवा. त्याने सरकवल्या. तिने एक गिरकी घेतली, थांबली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि दुसरी घेतली. त्यानंतर ती थांबेचना. दादा दारात उभा राहून ताल देत होता, रस्त्यावरची माणसं आत डोकावत होती आणि माझा आपला एकच जप चालला होता, टाच टिकू दे, टाच टिकू दे. टिकली.

जाताना मी बुटांचा खोका पुढे केला. ती म्हणाली, खोका तुम्हीच ठेवा, आणि तशीच बुटांसकट रस्त्याने निघून गेली.

शनिवारी प्रयोग आहे. तुझी खुर्ची आम्हा दोघांच्या मधे राखलीय. ढगांना रजेचा अर्ज दे आणि ये. माया आहे तेवढी पुरेशी आहे, तरी थोडी वाढली तर आम्ही हरकत घेणार नाही.

तुझी,
वहिनी
आणि शेजारी बसून शुद्धलेखन तपासणारा दादा