रारेशच्या विहिरीवरचा तवंग

१२ एप्रिल

विहिरीवर तवंग आहे! डोळ्यांचा दोष असेल म्हणून दुसरा पोहरा काढला. त्यातही तसाच — निळा, जांभळा, पसरत जाणारा. वास गॅरेजचा.

नवऱ्याला, कोस्ताकेला, काही बोलले नाही. मक्याच्या पिठाची मामालिगा खाताना खुशीत होता.

१३ एप्रिल

सायकलवरची एक मुलगी थांबली. साखळीला बांधलेल्या पेल्यातून घोटभर प्यायली आणि थुंकली. मला बघून ओशाळली बिचारी. मेले मी शरमेनं! आमच्याकडे आपलं माणूस गेलं की त्याच्या नावानं रस्त्याकडेला विहीर बांधायची. वाटसरू प्यायला की ते पाणी तिकडे त्याला पोचतं. मग आज माझा लेक रारेश काय प्यायला?

१५ एप्रिल

पाऊस. छत्री घेऊन विहिरीशी जाऊन उभी राहिले. छपराच्या लाकडावरून काळे ओघळ कठड्यावर, कठड्यावरून आत. कोस्ताकेचंच ऑईल!

रारेश इटलीला कामाला निघाला तेव्हा म्हणून गेला — गाडीकडे बघा, बाबा. परत आली ती शवपेटी. तेव्हापासून गाडी फाटकाबाहेर गेलेली नाही. पण कोस्ताके दर आठवड्याला इंजिन सुरू करून ऐकत बसतो, दर वसंतात ऑईल बदलतो. आणि ते काळं ऑईल विहिरीच्या छपराला, खांबांना, रहाटाला चोपडतो. लाकूड कुजू नये म्हणून. गावात सगळेच कुंपणाला लावतात, पण कुंपणाखाली विहीर नसते. यंदा तर ब्रश अगदी निथळेपर्यंत बुडवत होता. इतकं जीव लावून करतो. कसं सांगू त्याला?

१६ एप्रिल

झाकणाला कुलूप घातलं. कोस्ताकेला म्हटलं, साखळी तुटलीय. तर लगेच पक्कड घेऊन निघाला वेडा! मग सांगावंच लागलं.

पोहऱ्यात बोट बुडवलं. वास घेतला. टोपी काढून कठड्यावर बसला. म्हणाला, "म्हणजे मीच पाजलं हे त्याला."

मी म्हटलं, "तुला ओळखून आहे तो. म्हणाला असेल, बाबांनी आजही हात धुतले नाहीत."

हसला. मग रडला. मीही रडले. किती दिवसांनी दोघं एकत्र रडलो.

२० एप्रिल

छप्पर उतरवलं. नवं लाकूड आणू, त्याला जवसाचं तेल लावू. तवंग चिंध्यांनी टिपला, चिंध्या पिशवीत बांधल्या. आरोग्य केंद्रातली बाई पाण्याची बाटली भरून तपासायला घेऊन गेली. निकाल येईपर्यंत झाकण बंद. जाताना बजावलं — जुनं ऑईल ना गटारात, ना मातीत, ना चुलीत. शहरातल्या गॅरेजात द्यायचं, ते गोळा करतात. जमिनीत मुरलेलं खालून पुन्हा विहिरीतच येतं म्हणे. कोस्ताके शाळकरी पोरासारखा मान हलवत होता.

२३ एप्रिल

उरलेलं ऑईल कॅनमध्ये भरून, चिंध्यांची पिशवी घेऊन कोस्ताके बसथांब्यावर गेला. गाव्रिल ड्रायव्हरनं चढू दिलं नाही. "काका, सांडलं तर सगळ्या बाया माझ्याच अंगावर येतील."

परत आला. कॅन अंगणात ठेवला, गाडीच्या अगदी शेजारी. मी म्हटलं, गाडी आहे की.

"ती रारेशची आहे." एवढंच बोलला आणि आत गेला.

२४ एप्रिल

मागच्या खड्ड्यात ओतून टाकू का, म्हणून पुटपुटत होता. मी नुसतं बघितलं.

"बरं, बरं, नाही ओतत."

२६ एप्रिल

कॅन तिथंच. गाडीचे कागद मात्र टेबलावर काढून ठेवलेत.

२८ एप्रिल

आज गाडी फाटकाबाहेर गेली. कॅन मी पायांत घट्ट धरून बसले होते. निघण्याआधी कोस्ताकेला सीट पुढे ओढावी लागली. रारेशचे पाय लांब होते.