कुत्री क्र. ४१७ चा शेरा

प्रति,
मा. अध्यक्ष,
प्राणी-कल्याण समिती,
औषध संशोधन केंद्र.

विषय : कुत्री क्र. ४१७ च्या नोंदपत्रकातील 'शांत' हा शेरा रद्द करून 'चावरी' असा करणेबाबत.
संदर्भ : आपले तोंडी आश्वासन. लेखी काही नाही.

महोदय,

मी आपल्या प्राणीगृहात अकरा वर्षे परिचर असून पिंजरे धुणे, खाणेपाणी व रोजच्या नोंदी ही कामे पाहतो.

१. गेल्या तपासणीच्या वेळी आपण क्र. ४१७ च्या पिंजऱ्यापाशी थांबलात आणि "ही चाचणी संपली की हिला तुमच्याच घरी घेऊन जा," असे सर्वांसमक्ष म्हणालात. मी घरी सांगितले. मुलीने बाल्कनीतल्या कुंड्या हलवून जागा केली. कुत्रा म्हटले की नाक मुरडणाऱ्या माझ्या पत्नीने जुनी सतरंजी धुऊन ठेवली.

२. घरी सोडण्यासाठी प्राण्याचा स्वभाव चांगला लागतो, म्हणून मी नोंदपत्रकात 'अतिशय शांत, सुई टोचताना हलत नाही' असे ठळक अक्षरात लिहिले. त्याच ओळीचा हवाला देऊन समितीने तिला नव्या, दोन वर्षांच्या चाचणीसाठी निवडले. मंजुरीखाली सही आपली आहे. तिचे भले करायला गेलो आणि माझ्याच हाताने तिच्या पायावर धोंडा पाडला. आपण मात्र केसाने गळा कापलात, हे लिहिताना मला आता भीती वाटत नाही.

३. सबब, ती चावरी असल्याचा पुरावा म्हणून माझ्या डाव्या मनगटावरील जखमेचा दाखला जोडला आहे. डॉक्टरांनी त्यावर 'दात माणसाचे दिसतात' असे लिहिले आहे. त्याकडे काणाडोळा व्हावा अशी विनंती करणार होतो. परंतु अकरा वर्षांत एकही खोटी नोंद केलेली नाही. दात माझेच आहेत. त्याआधी मी तिला पुष्कळ चिडवले, शेपटी ओढली, मनगट तिच्या तोंडात दिले. ती चाटत बसली.

४. शेरा बदलणे नियमात बसत नसल्यास, निदान बुधवारी पहिल्या सुईच्या वेळी तिला धरण्यासाठी मला बोलावू नये. मी धरले की ती डोळे मिटून घेते. हा आहे म्हणजे काही वाईट होणार नाही, असे तिला वाटते.

तरीही बोलावल्यास मी येईन. परक्या माणसाने धरले तर ती थरथरते.

आपल्या शब्दावर विसंबलेला,
(सही)
परिचर, प्राणीगृह
दि. १४, सोमवार

सोबत : जखमेचा दाखला, डॉक्टरांच्या शेऱ्यासह.